काळीत घर, पांढरीत जीव

वऱ्हाडात हिवरखेडं एकाहून अधिक आहेत. एक मोर्शीकडं, संत्र्याच्या पट्ट्यात. एक तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घोटाळा नको म्हणून या दुसऱ्याच्या मागं रूपरावांचं नाव लागतं. या हिवरखेड रूपरावात, आणि खरं म्हटलं तर अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूर अशा कुठल्याही गावात, आजकाल एक गृहस्थ हमखास आढळतात. वय पन्नाशीच्या आसपास. शेती पंधरा एकर, नाहीतर सहा एकर आणि जोडीला मास्तरकी. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मोटरसायकलच्या डिक्कीत लेआउटचा नकाशा. नकाशाच्या घड्या फाटलेल्या, त्यांना चिकटपट्टी लावलेली; चिकटपट्टीही आता पिवळी पडलेली. यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंना घर बांधायचं आहे. गावठाणातलं आजोबांचं घर पाडून तिथंच बांधावं, की रोडवरच्या नव्या लेआउटात प्लॉट घ्यावा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो सहा वर्षांपासून आहे. भाऊ प्लॉट पाहतात ते पोरगी पाहायला गेल्यासारखे. चहा घेतात, घराण्याची चौकशी करतात, नाही म्हणत नाहीत, आणि ‘कळवतो’ म्हणून निघतात.

भाऊंचं पाहणं पाहण्यासारखं असतं. प्लॉटवर उभं राहून ते आधी चपलेच्या टाचेनं जमीन उकरतात, ढेकूळ उचलतात, चिमटीत चुरतात आणि विचारतात, “कोनाचं वावर होतं हे?” मालकाचं नाव कळलं की त्या वावरात कोणत्या साली तूर कशी पिकली हे आपणच सांगतात; विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं. मग डीपी कुठं आहे, नालीचा उतार कोणीकडं आहे, लेआउट एनए आहे की गुंठेवारीत बसवलेला आहे. मग पाणी. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरलेला असल्यानं वऱ्हाडातला माणूस पाणी चाखल्याशिवाय सोयरीकही करत नाही. हिवरखेड डोंगराकडं असल्यानं त्या शापातून सुटलेलं, आणि वाण धरणाचं पाणी चौऱ्याऐंशी खेड्यांच्या योजनेतून याच मुलखात फिरतं. तरी भाऊ बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखतात, थुंकतात आणि चेहरा कोरा ठेवतात. भाव पाडायला कोरा चेहरा उपयोगी पडतो. विकणारा त्यावर रेल्वे काढतो: “स्टेशन पाच मिनिटावर हाये, भाऊ.” स्टेशन खरंच पाच मिनिटांवर असतं. अडचण एवढीच, की अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ पासून बंद आहे. ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात अकोटपर्यंत आली आणि पुढचं काम अजून पुरं व्हायचं आहे. मेळघाटातून जाणारा जुना मार्ग सोडून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून गाडी न्यायचं ठरलं, तेव्हा वाघांना काय मिळालं ते वन खातं सांगेल. इथल्या प्लॉटना मात्र भाव मिळाला. त्यात ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली आणि भाऊ जागचे न हलता शहरात राहायला गेले.

माझं म्हणणं असं, की भाऊंचा हिशोब मुळातच एका जागी चुकतो. ते वस्ती झोपेच्या बाजूनं मोजतात. बेडरूम किती, संडास आत की बाहेर, गाडी कुठं लागेल, रात्री कुत्री भुंकतात का, हे सगळे प्रश्न डोळे मिटल्यानंतरचे आहेत. डोळे उघडे असताना भाऊ कुठं असतात याची नोंद त्या नकाशावर नसते. सकाळी पाचला ते वावरात. आठला पारावर पेपर, म्हणजे पेपर दुसऱ्याच्या हातात आणि मत यांचं. दुपारी वामकुक्षी, ती वगळा. चारला चहाच्या टपरीवर कापसाचा भाव. संध्याकाळी कटिंगच्या दुकानात, कटिंग करायची नसतानाही. रात्री जेवून शेजाऱ्याच्या ओट्यावर दीड तास. वावर सोडलं तर हा सगळा मुक्काम वेटाळातला, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतला, आणि यातलं एकही ठिकाण प्लॉटपासून पाच मिनिटांवर नाही. स्टेशन सोडून.

ओट्याचीच गोष्ट घ्या. जुन्या घराला ओटा असतो तो रस्त्यावर. ना धड घराचा, ना धड गावाचा. बसणाऱ्याला आमंत्रण लागत नाही, उठणाऱ्याला निरोप लागत नाही. नव्या घरातही ओटा असतो, पण तो किचनमध्ये, ग्रॅनाइटचा. बाहेर गेट, गेटमागं पोर्च, पोर्चला ग्रील, ग्रीलमागं दार आणि दाराला बेल. एवढे पाच अडथळे ओलांडून कापसाच्या भावावर बोलायला कोणी येत नाही. येतो तो लग्नाची पत्रिका घेऊन किंवा वर्गणीचं पावतीबुक घेऊन. ओटा रस्त्यावरून उठून स्वयंपाकघरात गेला, यातच दोन वस्त्यांतला सगळा फरक आला. भाऊंना हे ठाऊक आहे. इंजिनिअरनं नकाशा दाखवला की ते समोरच्या मोकळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारतात, “इथं बसाले काही निघन का?” इंजिनिअर म्हणतो, मार्जिन आहे भाऊ, सोडावं लागतं.

कोणी म्हणेल, ही नुसती जुन्याची ओढ झाली. लेआउटात रस्ता रुंद, हवा मोकळी, घर पक्कं. यातलं पक्केपण तपासून घेऊ. जुनी माणसं जमिनीचे दोन भाग करत: काळी आणि पांढरी. काळी पिकायची, पांढरी वसायची. यात कविता नव्हती, अनुभव होता. कापसाची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. एप्रिलात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्याच भेगा दोन वर्षांनी भिंतीवर चढतात. रुडकीच्या इमारत संशोधन संस्थेनं असल्या मातीसाठी बुडाशी कांद्यासारखे फुगवलेले खांब काढले आहेत. पण कांद्याचा खर्च ऐकून भाऊ साध्या फुटिंगवर येतात. लेआउट पडतो तो सगळा काळीत, कारण पांढरी आधीच भरलेली आहे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या जिथं घर बांधू नये म्हणून सांगितलं, नेमकं तिथंच आता भाव फुटांवर आहे. पावसाळ्यात रुंद रस्त्याचं काय होतं हे मोटरसायकलच्या मडगार्डला विचारा. चाक फिरायचं थांबतं, भाऊ काडीनं चिखल काढतात, दहा पावलं जातात, पुन्हा काढतात. मोकळ्या हवेचंही तसंच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा मोकळी हवा म्हणजे भट्टीचं उघडं तोंड. गल्लीतली घरं एकमेकांवर सावली धरतात. धाब्याच्या मातीखाली दुपार निघून जाते. लेआउटात झाड नाही, शेजार नाही, चारी बाजूंनी ऊन आणि वर उघडा स्लॅब. मग खिडकीत कूलर बसतो, कूलर पाणी पितो, पाण्यासाठी बोअर, बोअरसाठी लाइन, आणि लाइन दुपारीच जाते.

तरीही लेआउट विकले जातात, आणि घेणारे वेडे नाहीत. तेव्हा आक्षेपांना उत्तर दिलं पाहिजे. पहिला आक्षेप बँकेचा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ घेऊन गेलं की बँकेतला साहेब तो कागद दोन बोटांनी धरतो. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना निघाली, गावठाणांवरून ड्रोन फिरू लागले, मालमत्ता पत्रकं मिळू लागली. पण पत्रकावर चार चुलत्यांची नावं चढतात, त्यातले एक नागपूरला, एक सुरतेला आणि एक रुसलेले. या चौघांच्या सह्या जमवण्यापेक्षा काळीत कांद्याचे खांब पुरणं सोपं. हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त तो राहणीमानाचा नाही, चुलत्यांचा आहे.

दुसरा आक्षेप वहिनींचा, आणि तो माझ्या मांडणीच्या मुळावर येतो. रस्त्यावरच्या ओट्याचं एवढं कौतुक चाललं आहे, पण त्यावर बसतं कोण? वहिनी त्या ओट्यावर दिवाळीत रांगोळी काढायला येतात आणि एरवी सडा घालायला. त्यांचं जागेपण चुलीपाशी वाकून, धुरात, आणि संडासला उजाडायच्या आत जाऊन यायच्या काळजीत गेलं. गल्लीत नवी साडी नेसली तर तिची किंमत संध्याकाळपर्यंत सात घरांत कळते, आणि माहेरी निघाल्या तर कारण त्यांच्याआधी स्टँडवर पोचतं. ओटा आत गेला तो त्यांच्यासाठी आत आला. कमरेएवढ्या ओट्यापाशी उभं राहून, नळाखाली भांडं धरून, गाऊनवर स्वयंपाक करता येणं ही बारीक गोष्ट नाही. भाऊ ज्याला एकटेपण म्हणतात त्याला वहिनी निवांतपणा म्हणतात. भाऊंचा हिशोब झोपेचा म्हणून चुकतो असं मी म्हटलं, ते भाऊंपुरतंच. वहिनींचा हिशोब जागेपणीचाच आहे, आणि तो लेआउटाच्या बाजूनं पडतो. सहा वर्षांनी निर्णय होतो तो याच मतावर, भाऊंनी तो आपण घेतला असं पारावर सांगितलं तरी.

तिसऱ्या आक्षेपाला हसून उत्तर देता येत नाही. गावठाणातली वेटाळं आपोआप पडलेली नाहीत. कोणी कुठं राहायचं हे जातीनं ठरवलं, आणि पांढरीतही सगळ्यांना सारखी पांढरी मिळाली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जे कोरडे ओढले, ते ओट्याचं कौतुक करणाऱ्यानं एकदा वाचावेत. ज्याला त्या ओट्यावर कधी बसूच दिलं नाही, त्याला तो सुटल्याचं दुःख कशाला होईल? लेआउटात निदान कागदावर तरी चौकोन सारखे असतात, आणि पैसे मोजणाऱ्याला कॉर्नरचा मिळतो. कागदावर, असं मुद्दाम म्हणतो. कारण माती, पाणी, डीपी, सगळं विचारून झाल्यावर भाऊ आवाज उतरवून शेवटचा प्रश्न विचारतात: “मागच्या प्लॉटात कोण हाये?” विचारायचं असतं आडनाव. वेटाळ नकाशावरून पुसलं गेलं तरी भाऊंच्या डिक्कीत घडी घालून असतं. इथं भाऊ विनोदी राहत नाहीत, आणि ते मला लपवायचं नाही.

शेवटी भाऊ बांधतात लेआउटात. वास्तुशांतीला गाव जेवतं. पण जुनं घर पडत नाही. त्यात कुटार राहतं, कापूस राहतो, आणि ओसरीत एक खाट राहते, ती कशाला हे कोणी विचारत नाही. नव्या घराच्या स्लॅबवर पहिल्याच वर्षी पानपिंपरी वाळत पडते. जिन्याखालची मोकळी जागा विळा, टोपली आणि फवारणीच्या पंपानं भरते. ओपन स्पेसमध्ये गजानन महाराजांचं मंदिर उभं राहतं, मंदिरासमोर निधीतून आलेले सिमेंटचे दोन बाक बसतात. पाच वर्षांत लेआउटाला बऱ्यापैकी गावाचं रूप येतं. भाऊ रोज सकाळी आठला गाडी काढून जुन्या वेटाळात जातात आणि रात्री साडेनऊला तिथून उठताना म्हणतात, “चला, तिकडं जातो.” ‘घरी जातो’ असं म्हणायला किती वर्षं लागतात ते माणसागणिक बदलतं; काहींना हयात पुरत नाही.

दरम्यान भाऊंचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि आता त्याला फ्लॅट घ्यायचा असतो. वाकड की मोशी, असं त्याचं चाललेलं असतं. तो अकराव्या मजल्यावरून व्हिडिओ कॉल लावतो. टाइल्स, बाल्कनी, लिफ्ट सगळं फिरवून दाखवतो. भाऊ मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहतात आणि क्रमानं विचारतात. पाणी कोणतं? टँकरचं, बाबा. शेजारी कोण? अजून माहीत नाही. अन् ओटा हाये का? आहे ना, ग्रॅनाइटचा, एल शेपचा. “तो नाही रे,” भाऊ म्हणतात, “खाली. बसाले.” मुलगा थोडं थांबतो. आहे, बाबा, क्लबहाउसच्या समोर आहे, रात्री दहापर्यंत उघडं असतं, फक्त ॲपवर आधी बुक करावं लागतं.