वरचं खाली येत नाहीये

ऐन मे महिन्यात आमच्या फ्रीजची मती फिरली. वर फ्रीजरमध्ये बर्फ जमतोय आणि खाली दही आंबतंय. बायकोने भाजीच्या ट्रेमध्ये हात घालून पाहिला आणि म्हणाली, "वरचं खाली येत नाहीये."

हे निदान मला फारच बाळबोध वाटलं. मी रात्री जागून व्हिडिओ पाहिले, पाठकोऱ्या कागदावर बाण काढले आणि शास्त्रशुद्ध निष्कर्षाला आलो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल एकच, तीही फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड. तिथला एक छोटा पंखा त्या कॉइलवरून हवा ओढून फ्रीजरमध्ये सोडतो आणि त्यातलीच थोडी झडपेतून खाली धाडतो. वर उणे १८ अंश, खाली ४ अंश, हा सगळा संसार त्या पंख्याच्या जिवावर. पंख्याची मोटर बसली, की कॉइलशेजारचा फ्रीजर काही काळ तग धरतो. खालच्या मजल्याला काही पोचत नाही. हे सगळं मी आकृतीसह समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे वरचं खाली येत नाहीये. मेकॅनिकला बोलावू?"

"दोन-चार स्क्रूंचं तर काम!" असं म्हणून मी स्टूल घेतलं. आमच्या घरात हे वाक्य ऐकलं की मुलगी आधी मोबाइल चार्जिंगला लावते.

फ्रीज रिकामा करताना आमची सगळी अब्रू शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये मुक्कामाला गेली. आइस्क्रीमच्या डब्यात ओल्या नारळाचा चव, श्रीखंडाच्या डब्यात आलं-लसूण पेस्ट, आणि तुपासाठी साठवलेली साय. त्यांच्या मुलाने आइस्क्रीमचा डबा मोठ्या आशेने उघडला. त्यानंतर तो मला काका म्हणत नाही.

प्लग काढला, स्क्रू काढले. पॅनेल हलेना. मागे कॉइलवर बर्फाचा थर बसून तो पॅनेलला चिकटला होता. मी सुरी उचलली, तेवढ्यात मुलीने फ्रीजच्या पाठीवरचं लेबल वाचून दाखवलं : आर-६००ए. म्हणजे आयसोब्यूटेन, स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्यूटेनचा सख्खा भाऊ. कॉइलची नळी ॲल्युमिनियमची. सुरीचं टोक लागलं, तर फ्रीज कायमचा जाणार आणि जाताना पेटण्याची हौसही भागवू शकणार. मी सुरी अशी ठेवली, जणू काकडीच कापायला घेतली होती. मग आत कढत पाण्याचं पातेलं ठेवून आम्ही सहकुटुंब वाट पाहत बसलो. बर्फ सुटला. पॅनेल ओढताना 'टक्' असा आवाज आला आणि एक प्लास्टिकचा खटका माझ्या हातात राहिला. मी तो खिशात टाकला. काही गोष्टी घरात सांगायच्या नसतात.

आतली मोटर हाताने फिरवली तर दळण दळल्यासारखी कुरकुरत फिरली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून तपकीर गल्लीतलं सुट्या भागांचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "मॉडेल नंबर?"

"डबल डोअर," मी म्हणालो. "ग्रे."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जुनी मोटर हातातून घेतली आणि तिच्या अंगावरचा नंबर वाचून जोडीदार काढून दिली.

नवी मोटर बसवली. पायात रबरी चपला, पायाखाली लाकडी पाट, अशा थाटात प्लग लावला. कॉम्प्रेसर गुरगुरला, आतला दिवा लागला. पंखा ढिम्म. दार सताड उघडं ठेवून मी त्या पात्यांकडे टक लावून बसलो. पात्यांनीही नजर हटवली नाही. रागारागाने प्लग उपटला, मोटर काढली आणि पुन्हा तपकीर गल्ली. "खराब माल गळ्यात मारता?" हे वाक्य मी रिक्षात घोकून ठेवलं होतं आणि चार गिऱ्हाइकांसमोर खड्या आवाजात म्हटलं.

पोराने दोन वायरी टेस्टिंग बोर्डाला टेकवल्या. मोटर भिरभिर फिरली. "काका, दार उघडं ठेवून बघत होतात का?"

दार उघडलं की गार हवा बाहेर सांडू नये, म्हणून चौकटीतल्या बटणाने आमच्या फ्रीजचा पंखा बंद होतो. फ्रीज इतका शहाणा असेल, अशी मला कल्पना नव्हती. चारही गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघत होती. त्यांतल्या एकाने तर "होतं असं" म्हणून धीरही दिला. घरी येऊन मोटर पुन्हा बसवली, ते टिचभर बटण बोटाने दाबलं आणि फ्रीजरमधून गार वारा थेट तोंडावर आला.

रात्री मात्र स्वयंपाकघरातून खडखड सुरू झाली. बायको म्हणाली, "आधी हा आवाज नव्हता." मी तिला थरथरीचं शास्त्र सांगू लागलो. खिशातल्या खटक्याचा उल्लेख त्यात आला नाही. माझं ऐकता ऐकता ती उठली, फ्रीजर उघडून मटारचं पाकीट पॅनेलच्या सुटलेल्या कोपऱ्याशी घट्ट दाबून बसवलं आणि दार लावलं. आवाज बंद.

आता खाली दही गोड राहतं. मटार उसळ करायची झाली, की मला पिशवी घेऊन मंडईत पिटाळलं जातं. फ्रीजरमधले मटार नोकरीत कायम झालेत.