तीस अँपियरचं बिऱ्हाड

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. नवऱ्याने ती इतक्या निष्ठेने पाळली की सॅन होजेहून निघाल्यापासून मागून येणारा प्रत्येक जण आमच्या खिडकीशी मान वळवून, आत नेमकं कोण आहे ते बघून पुढे जात होता. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही, असा इथला कायदा. त्यामुळे पलंग, फ्रीज, संडास मागे आणि आम्ही सगळे पुढे कोंबलेले. धाकटी सारखी मागच्या काचेतून बघत होती. शेवटी घाबरून म्हणाली, "आई, घर आपल्या मागे लागलंय!"

गिलरॉय आलं. हा लसणाचा गाव. खिडक्या बंद असल्या तरी वास आत येतो. सासूबाईंना डुलकी लागली होती. डोळे मिटलेलेच ठेवून त्या म्हणाल्या, "खोबरं जरा कमी पडलंय." पुढे हॉलिस्टर, मग हायवे २५ च्या टेकड्या आणि मग पिनॅकल्स. २०१३ मध्ये याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला आतून रस्ताच नाही. कॅम्पग्राउंड पूर्वेला आहे. चुकून पश्चिमेच्या दाराशी पोचणाऱ्याला भलामोठा वळसा पडतो. आम्ही नीट पोचलो, हे मुद्दाम नोंदवते, कारण नीट झालेली शेवटची गोष्ट तीच.

ट्रेलर जागेवर रिव्हर्स घ्यायचा होता. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड उजवीकडे जातं. नवरा कोडिंगमधला, त्याने हे तत्त्व तत्काळ समजून घेतलं आणि गाडी व ट्रेलर यांचा सुरेख काटकोन केला. मी मागे उभी राहून दोन्ही हात हलवत होते. आजूबाजूची मंडळी घडीच्या खुर्च्या आमच्याकडे वळवून बसली. अखेर टोपीवाले एक आजोबा उठून आले. म्हणाले, स्टीअरिंग खालून धर आणि बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. खरंच, तसं केल्यावर ट्रेलर सरळ आत गेला. टाळ्या पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बैलगाडी कोणी मागे घेतच नसे. वळवूनच आणायचे."

मग वीज. तिथे ३० अँपियरचं कनेक्शन मिळतं, म्हणजे १२० व्होल्टवर फार तर ३६०० वॅट. एसी चालू होता, मायक्रोवेव्हमध्ये पोळ्या गरम होत होत्या, आणि सासूबाईंनी चहासाठी किटली लावली. खट्! सगळा अंधार. क्षणभर शांतता. मग सासूबाईंचा हर्षभरित आवाज: "अगं बाई, लोडशेडिंग! अमेरिकेत!" पोरांनी टाळ्या पिटल्या. "आजी, पुन्हा कर ना!" आजीने ब्रेकर वर केल्यावर पुन्हा केलं.

रात्री जेवणाचं टेबल खाली दाबून त्याचा पलंग केला. ट्रेलरमध्ये एकाने कूस बदलली की सगळ्यांची बदलते. दहा ते सहा शांतता पाळा, अशी पाटी होती. धाकटीला अजून वाचता येत नाही. पहाटे चारला तिने बडबडगीतं सुरू केली, आणि बाहेर राहिलेला शंकरपाळ्यांचा डबा उघडून बसलेला रकून तेवढा पळाला. डब्याचं झाकण त्याने कसं उघडलं कोण जाणे. ते माझ्याने उघडत नाही.

खरं तर आम्ही आलो होतो कॉन्डोर बघायला. साडेनऊ फुटांचे पंख असलेलं गिधाड. १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. मग रानातले सगळे पकडून पिंजऱ्यात त्यांची वीण वाढवली, आणि २००३ पासून पिनॅकल्समध्ये सोडायला लागले. माना मोडेपर्यंत आम्ही वर बघितलं. जे जे काळं दिसे ते साधं टर्की व्हल्चर निघे. शेवटी एक खरा दिसला, पंखांखाली पांढरे पट्टे, पंखावर नंबराचा बिल्लासुद्धा. मी ओरडले, "बघा, बघा!" थोरला ट्रेलरच्या पायरीवर बसून पाण्याच्या पंपाचं बटण दाबायची आपली पाळी कधी येते याची वाट बघत होता. "हो, छान आहे," म्हणाला. वर न बघता.

निघताना डम्प स्टेशन. ट्रेलरला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: एक भांडी-अंघोळीची, दुसरी तीच. आधी तीच रिकामी करायची, म्हणजे मागून आलेलं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. नवऱ्याने हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला. पाइपचा एक तुकडा पारदर्शक असतो. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली असेल, त्याला मुलं नसावीत.

अख्ख्या सहलीत आमची दोन्ही मुलं पहिल्यांदाच गप्प उभी राहिली, गुडघ्यांवर हात टेकून. "बाबा, यातलं आजीचं कुठलं?" नवऱ्याने उत्तर दिलं नाही. सासूबाई गाडीत जाऊन बसल्या आणि काच वर केली.

सोमवारी शाळेत थोरल्याने सहलीचं चित्र काढलं. एक लांबलचक तपकिरी नळी, शेजारी रुमाल बांधलेला माणूस. आकाश कोरं. बाईंना वाटलं साप आहे. त्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं, कुठली टाकी आधी आणि का, तेही.