फलक, पडदा आणि विनीत

लंडन शहरातील मेडा व्हेल भागात हॉवली प्लेस नावाचा एक रस्ता आहे, आणि तेथील १० क्रमांकाच्या घराच्या भिंतीत एक वाटोळा निळा फलक बसविलेला आहे. लोकमान्य टिळक, भारतीय देशभक्त व तत्त्वज्ञ, १९१८-१९ साली येथे राहत होते, एवढाच त्यावरचा आशय. ज्या सरकारने १९०८ साली राजद्रोहाच्या गुन्ह्याखाली ह्या गृहस्थांस सहा वर्षे मंडालेस धाडले, त्याच सरकारच्या राजधानीतील लंडन कौंटी कौन्सिलने १९६१ साली हा फलक लाविला; आणि लोकमान्य तेथे गेले होते तेही व्हॅलेंटाइन चिरोल ह्या इंग्रज पत्रकारावर केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीपायी, जिचा निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. म्हणजे हरलेल्या फिर्यादीच्या बिऱ्हाडास जिंकणाऱ्यांच्या शहराने मानाचा फलक दिला. इतका उदारपणा आमच्या अंबड शहरातील कोणत्याही दोन गटांत, एकाच पक्षाचे असूनही, अद्यापि आढळात आलेला नाही.

तिकडे ह्या फलकांचा एक दंडक आहे. ज्याच्या नावाने फलक लावावयाचा तो इसम निवर्तून किमान वीस वर्षे झालेली असावीत, त्याने वास्तव्य केलेली इमारत मूळ स्वरूपात उभी असावी, फलक हमरस्त्यावरून दिसावा आणि घरमालकाची लेखी संमती असावी. फलकाचा व्यास दीड फुटाहून थोडासा अधिक. लावणाऱ्या संस्थेचे नाव त्यात असते, परंतु कडेला, बारीक अक्षरांत. अनावरण कोणाच्या शुभ हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते आणि प्रमुख उपस्थिती कोणाची लाभली, ह्याचा मात्र त्यावर मागमूस नसतो. ही पद्धत अंबडास लागू करावी, अशी सूचना कोणी नगरपरिषदेपुढे मांडलीच, तर ती ह्या शेवटच्या कलमावर अडेल ह्याविषयी मला तिळमात्र संदेह नाही.

कारण आमच्याकडील फलकाचे शास्त्र निराळे आहे. काळ्या ग्रॅनाइटचा चौकोनी दगड, त्यावर सोनेरी अक्षरे. सर्वांत वर आराध्य दैवते, त्याखाली ठळक टायपात मंत्रिमहोदय, मग खासदार, मग आमदार, मग उतरत्या भाजणीने नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, सभापती व सदस्य, आणि अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात ‘विनीत’ म्हणून मुख्याधिकारी. ज्या कामासाठी दगड कोरला त्याचे नाव मधल्या एका ओळीत येते, आणि जागा अपुरी पडल्यास तीच ओळ आक्रसते. सॅटिनच्या पडद्याची दोरी ओढली म्हणजे टाळ्या होतात; दुसऱ्या पावसाळ्यात सोनेरी रंग उडतो; आणि आचारसंहिता लागली की पालिकेचा शिपाई खळीचे डबडे व जुनी वर्तमानपत्रे घेऊन येतो व सगळी नावे झाकून टाकतो. निवडणूक आटोपल्यावर कागदाचे तुकडे ज्या अक्षरांवर चिकटून राहतात, तेवढेच काय ते पदाधिकारी काही काळ अज्ञातवास भोगतात.

वीस वर्षांची अट तर आम्हांस मुळीच परवडणारी नाही. आमचा पुढारी हयातीतच अजरामर होत असतो. त्याचे नाव चौकास, कमानीस, प्रवासी निवाऱ्यास आधी लागते, आणि तो वारल्यावर पुढच्या पंचवार्षिकात ते पुसले जाते. शिवाय वीस वर्षांत घर राहील कोठे? वारसांचे फेरफार, भावाभावांच्या हरकती व मोजणीचे अर्ज ह्यांतून वाडा सुटला, तर तो बिल्डरच्या हाती सुटतो. हा काही आमचाच दोष नव्हे, हेही नमूद केले पाहिजे: लंडनमधील पहिला फलक १८६७ साली कवी बायरन ह्याच्या जन्मघरास लागला आणि १८८९ साली ते घरच पाडण्यात आले. फलकाने घरास कायद्याचे संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट तेथेही खरी आहे.

आणि मुत्सद्द्याचे शहरातील घर म्हणावयाचे तरी कोणते? आमच्या लोकप्रतिनिधीचे खरे बिऱ्हाड मुंबईच्या आमदार निवासात. आणि तेथील खोलीत आमदार सोडून सर्व तालुका मुक्कामास असतो, कोणी बदलीसाठी, कोणी इस्पितळासाठी, कोणी नुसताच मुंबई पाहण्यासाठी. तेथे फलक लावावयाचा झाल्यास ‘येथे तालुका राहत होता’ असाच प्रामाणिक मजकूर कोरावा लागेल. मनोरा आमदार निवास पाडल्यामुळे ती संधीही निम्मी गेली.

राज्य सरकारने ह्या बाबतीत एक काम मात्र निर्विवाद मोलाचे केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली लंडनमधील ज्या घरात राहून अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर २०१५ साली सुमारे ३१ लाख पौंडांस खरेदी केले. त्यावर शेजाऱ्यांनी तक्रार केली की रहिवासी घराचे संग्रहालय झाल्याने गजबज वाढेल; कॅम्डनच्या नगरपालिकेने परवानगी नाकारली; २०१९ साली रीतसर चौकशी बसली आणि २०२० च्या मार्चात तेथील मंत्र्याने मंजुरी दिली. हे वाचून आमच्याकडे पुष्कळांनी इंग्रजांच्या कोतेपणाविषयी नाके मुरडली. ह्याच नावाची पाटी मराठवाडा विद्यापीठावर चढविण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैमध्ये केला, आणि पाटी चढली १९९४ च्या जानेवारीत. मधल्या काळात कॅम्डनच्या शेजाऱ्यांनी केले त्याप्रमाणे अर्ज नव्हे, तर वस्त्यांची होळी झाली व माणसे मारली गेली. नाके मुरडणाऱ्यांपैकी मराठवाड्यातील मंडळींनी हा हिशेब एकदा आपल्या दप्तरात तपासून पाहावा.

अंबडाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मत्स्याकृती टेकडीवरील मत्स्योदरी देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे येथील पोरासही ठाऊक आहे. बाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वरी बसून राज्य केले आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, मंदिरे बांधविली. अंबडच्या त्या कामाच्या वेळी अध्यक्षस्थानी कोण होते, ह्याची चौकशी नवरात्राच्या यात्रेस येणाऱ्या लक्षावधींपैकी एकानेही केल्याचे ऐकिवात नाही.

सबब माझी सूचना अशी: अंबड शहराच्या हद्दीत ह्यापुढे जो फलक लागेल त्यावर दिवंगत व्यक्तीचे नाव, तिचे काम व साल एवढेच असावे, लावणाऱ्याचे, पडदा ओढणाऱ्याचे व विनीताचे नाव नसावे. सूचक म्हणून माझे नाव लिहून घेण्यास हरकत नाही. अनुमोदक पाहिजे आहे. इच्छुकांनी सभेपूर्वी नगरपरिषदेत अर्ज द्यावा.