अंडरकट काका

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणीकर स्वतःही हसत हसतच म्हणतात. काका हसत नाहीत, पुरावे मांडतात. १८८६ साली मोटारीचं पेटंट घेणारा कार्ल बेंझ जर्मन. सात वेळा जगज्जेता झालेला शूमाकर जर्मन. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, त्या तिन्ही जिंकणारा व्हेटेल जर्मन. “आता ऱ्हायली परभणी,” असं म्हणून काका थांबतात आणि चष्मा पुसायला घेतात. परभणीची बाजू कोण सांभाळतं, ते समोरच्यानं ओळखायचं असतं.

असा एक काका हल्ली तालुक्यागणिक सापडतो. जिंतूरला तो मोबाईलच्या दुकानात बसतो, सेलूला आडतीवर, गंगाखेडला शिकवणीच्या वर्गात. आमचा वसमत रोडला राहतो. उभी हयात सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर गेली. चारचाकी चालवता येत नाही. दुचाकी आहे, ती पस्तिसाच्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवून दमले की काका मान न वळवता सांगतात, “टायर सांभाळू लालोय.”

अंडरकट म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या एक-दोन फेऱ्या आधीच पिटमध्ये शिरायचं, नवे टायर घालायचे आणि तो जुन्या टायरांवर रखडत असताना वेळ कमवून त्याच्या पुढं निघायचं. काका हा डाव प्रत्यक्षात फक्त लग्नात खेळतात. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की ते जेवणाच्या मांडवात असतात. नाव पडलं ते तिथूनच. केशकर्तनाशी त्याचा संबंध नाही. काकांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

युरोपातली शर्यत बहुधा आपल्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. सव्वासहाला नातू मोबाईल टीव्हीला जोडून देतो आणि पळून जातो. मग शेजारच्या गुरुजींना हाक जाते. गुरुजी चहासाठी येतात, हे दोघांनाही माहीत आहे.

काकांचा सर्वांत मोठा सण म्हणजे मोनॅको. फॉर्म्युला वनमधली ही सर्वांत मानाची शर्यत आणि पाहायला सर्वांत रटाळ. शहराच्या रस्त्यांवरून ३.३३७ किलोमीटरची फेरी, अशा ७८ फेऱ्या. गाड्या काळाबरोबर लांब-रुंद होत गेल्या, रस्ते होते तेवढेच राहिले, त्यामुळं कोणाला कोणाच्या पुढं जाता येत नाही. २०२४ साली तर पहिले दहा जण आदल्या दिवशी ठरलेल्या ज्या क्रमानं निघाले, त्याच क्रमानं पोचले.

“काका, कोण जिंकू लालंय?” त्या दिवशी गुरुजींनी विचारलं.

“जो पुढं हाय तो.”

“अन् पुढं कोण हाय?”

“जो काल पुढं होता तो.”

“मग कालच बक्षीस देऊन मोकळं का नाही केलं?”

याच प्रश्नाची काका वर्षभर वाट पाहत असतात. खुर्ची पुढं सरकते. पहिल्याच फेरीत अपघात झाला, शर्यत थांबली. त्या खोळंब्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले. त्यामुळं पुन्हा थांबायची गरज उरली नाही. म्हणून पुढचा लेक्लर्क टायर पुरवून पुरवून वापरतोय आणि मागच्यांना त्याच्या चालीनं जाण्यावाचून इलाज नाही. “जगातले सगळ्यात फास्ट डायव्हर मुद्दाम हळू चालवू लालेत, गुरुजी! ह्याच्याहून थरार काय असतो?” गुरुजी म्हणाले, “साखर कमी हाय.”

काकांची खरी नोकरी आठवली की या प्रेमाचा उलगडा होतो. २०२१ साली बेल्जियमला स्पाच्या सर्किटवर पाऊस लागला. साडेसहाची शर्यत आपल्या घड्याळात पावणेदहाच्या सुमारास पुन्हा सुरू केली, तीही सुरक्षा-गाडीच्या मागून. काही फेऱ्या रांगेत काढल्या आणि थांबवली. कोणी कोणाला ओलांडलं नाही, तरी निकाल लागला, व्हर्स्टॅपन विजयी ठरला आणि सगळ्यांना अर्धे गुण दिले गेले. जगभरचे प्रेक्षक चिडले. काका मात्र प्रसन्न होते. “बैठक न होता इतिवृत्त लिहायचं म्हणजे खायचं काम नाही,” असं ते अनुभवी माणसाच्या समाधानानं म्हणाले.

रॅलीबद्दलही त्यांना आदर आहे. रॅलीत गाड्या ठराविक अंतरानं एकेक सोडतात, स्पर्धा घड्याळाशी असते. बघणारा बांधावर उभा राहतो, एक गाडी येते, धूळ येते, पुढची गाडी येईपर्यंत धूळ बसते. धूळ खायला नाशिकला रॅलीला कशाला जायचं, असं काकू विचारतात. ल मांची चोवीस तासांची शर्यत आपल्याकडं शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन रविवारी साडेसातला संपते. ती १९२३ पासून चालू आहे आणि काकांच्या मते ती पाहताना झोपणं हा गुन्हा आहे. “जागरण-गोंधळ तरी देवाचा असतो,” इतकंच काकू म्हणतात आणि दार लावून घेतात.

प्रत्यक्ष शर्यतीला काका एकदाच गेले. ११ फेब्रुवारी २०२३, हैदराबाद, हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई. परभणी निजामाच्या राज्यातली. मोठं दुखणं असो की मोठी हौस, माणूस हैदराबादचीच गाडी पकडतो. तिथं काकांना कळलं, की मोटारींची शर्यत सर्वांत कमी दिसते ती तिकीट काढून बसलेल्याला. विजेवरच्या गाड्या, इंजिनाची डरकाळी नाही, पेट्रोलचा वास नाही. जाळीच्या एका टोकाकडून बारीक शीळ येते, दुसऱ्या टोकाला विरते आणि मग आपण पुढची शीळ ऐकू येईपर्यंत रिकामा रस्ता पाहत राहतो. त्या शर्यतीत जॅग्वार संघाच्या दोन गाड्या एकमेकींवरच आदळल्या. काका मैदानात होते, पण आदळल्याचं कळलं ते परभणीहून आलेल्या नातवाच्या फोनवरून. व्हर्न्य जिंकला, हेही त्यानंच सांगितलं.

एवढा सोशिक माणूस सोप्या शर्यतींच्या बाबतीत मात्र फार कडक आहे. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. डोळ्याची पापणी लवेस्तोवर निकाल. “ह्यात समजून सांगायला काय हाय?” असं म्हणून काका चॅनल बदलतात. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तिथं मौत का कुआँ लागला तरी ते वर चढत नाहीत. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर माणूस मोटारसायकल गरगर फिरवतो, वरचे प्रेक्षक नोटा पुढं धरतात, तो हात सोडून नोट खेचतो आणि लहान पोरालाही सगळं कळतं. काका खाली उभे राहून रसवाल्याला घर्षण समजावतात. शंकरपटाला तर ते फिरकतही नाहीत. २०१४ मध्ये बंदी आलेल्या या बैलांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त वाट मोकळी करून दिली. आता गर्दी पुन्हा जमते, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण काकांपेक्षा जास्त जाणतो.

काकांना शर्यतीपेक्षा ती समजावून सांगणं प्रिय, याची माझी खात्री पटली ती १२ डिसेंबर २०२१ ला. अबू धाबी, वर्षातली शेवटची शर्यत, हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन दोघांचे गुण सारखे, ३६९.५. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपननं गाडी आत घातली आणि काकांच्या बैठकीत गल्ली ओरडली. गुरुजी खुर्चीवर उभे राहिले. काका तीनदा म्हणाले, “एक मिनिट, त्याचे टायर नवे हायेत, म्हणून...” पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. सगळे गेल्यावर काका म्हणाले, “शर्यत बिघडली.” मग जरा वेळानं कळी खुलली. “तो अर्धा गुण पाह्यलास? दोघांचाही? तो स्पाचा.”

म्हणजे कोणती शर्यत कंटाळवाणी, याचं काकांचं माप सरळ आहे. जिथं त्यांची गरज लागते ती थोर; जिथं लागत नाही ती पोरखेळ. मला हे माप दिसतं तितकं चुकीचं वाटत नाही. मोनॅको, रॅली, ल मां या सांगणाऱ्यावाचून खरोखरच पाहवत नाहीत.

फक्त एकदा गणित उलटलं. एका जत्रेत ट्रॅक्टर ट्रॉली रिव्हर्स घेण्याची स्पर्धा होती. दोन्हीकडं खुणा रोवलेल्या, मधून ट्रॅक्टरनं ट्रॉली मागं ढकलत न्यायची. वेग माणसाच्या चालीचा, पुढं जायचा प्रश्नच नाही, खुणेला चाक लागलं की बाद. मोनॅकोपेक्षाही संथ. काका रंगायला हवे होते. पण शेजारी विशीतलं एक पोरगं उभं होतं, तेच सांगत सुटलं, “काका, ट्रॉली डावीकडं न्यायची तर टेरिंग उजवीकडं मारावं लागतं. आता पाहा, घडी पडती का नाही. पडली! जास्त तोडलं त्यानं.” अर्धा तास काका नुसते ऐकत होते. परतताना म्हणाले, “लई कंटाळवाणा खेळ हाय.”

रविवारी संध्याकाळी वसमत रोडला काकांकडं जाणार असाल तर जेवून जा. फॉर्म्युला वनची शर्यत, मधले खोळंबे सोडून, नियमानं दोन तासांत संपवावी लागते; काकांना तो नियम लागू नाही.