भोकरदनची बाई

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला आणि इटलीतलं पॉम्पेई राखेखाली गेलं. त्या राखेतून 1938 मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई मिळाली. अंगावर कपडा जवळपास नाहीच. दागिने मात्र मोजावे तेवढे थोडे. भारतातली आहे, नटलेली आहे, म्हणजे लक्ष्मीच, असं ठरलं. पुढं काही अभ्यासकांना तिच्यात लक्ष्मीची लक्षणं दिसेनात, तेव्हा तिची यक्षी झाली. डोक्यावर भोक आहे, त्यामुळे कुणी तिला आरशाची मूठ म्हटलं, तर कुणी चौरंगाचा पाय. नेपल्सच्या संग्रहालयानं तिला कामुक वस्तूंच्या 'गुप्त दालनात' बसवलं. बिचारीनं आपल्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही, म्हणून हे सगळं खपतं.

ती घडली कुठं, यावरही मतं आहेत. आधी मथुरेचं नाव पुढं होतं. मग आमच्या जालना जिल्ह्यात, केळना नदीकाठच्या भोकरदनला 1973 मध्ये उत्खनन झालं आणि तिच्याच वळणाचं हस्तिदंती काम निघालं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. तेव्हा बाई भोकरदनचीच, असं मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. माझं मत विचारू नका. माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं.

आजोळी गेलो तेव्हा मोबाइलवर तिचा फोटो नेला होता. मावशीला दाखवताना खालचा भाग अंगठ्यानं झाकला; म्हणजे नेपल्सवाल्यांना नावं ठेवायची सोय मला उरली नाही. मावशीनं देवी की यक्षी या वादात लक्षच घातलं नाही. तिची नजर थेट कोपरापर्यंतच्या बांगड्यांवर. "माय! एवढं घालून ही भाकरी कव्हा थापती?" मग माझा अंगठा बाजूला सारून तिनं पायाशी उभ्या असलेल्या दोन दासी शोधल्या, त्यांच्या हातातलं शृंगाराचं सामान पाहिलं आणि म्हणाली, "हाताखाली दोन-दोन पोरी हायेत. मंग कशाला थापती!" प्रबंध लिहिणारे याला सामाजिक स्तर वगैरे म्हणतात. त्यांना पानं लागतात.

शेजारच्या सुताराला दागिने दिसलेच नाहीत. त्यानं भोक पाहिलं, वरून खाली ते सरळ गेलंय का विचारलं आणि हस्तिदंत न तडकू देता ते पाडणाऱ्याला मनापासून दाद दिली. मामा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावला, लगेच काढला आणि "घरात लेकरं आहेत" एवढंच म्हणाले.

मामेभाऊ मोसंबीचा व्यापार करतो. त्यानं फोटो मोठा केला, नाजूक बोटं न्याहाळली आणि विचारलं, "इथून इटलीला पोचेपर्यंत फुटली कशी नाही?" मी सांगितलं की त्या काळी पैठण-तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा, तिथून जहाजानं तांबड्या समुद्रात आणि पुढं रोमी मुलखात. तो गंभीर झाला. यंदा दिल्लीला पाठवलेल्या मोसंबीत त्याचा निम्मा माल दबला होता.

"पॅकिंग कशाचं होतं?" म्हणाला. "आन् भाडं कुणी भरलं, देणाऱ्यानं का घेणाऱ्यानं?"