एस्केप दाब, मामा

हेंद्रेपाड्यात आमच्याकडे लाईट सांगून जात नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली ती दिवाळी अंकाचा लेख सोबत घेऊनच. माझा कॉम्प्युटर जुना, त्याचा यूपीएस त्याहून जुना. भाचा म्हणाला, "मामा, तू विम वापर. फुकट आहे."

मला भांड्यांची वडी आठवली. पण हा विम म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, ब्राम मोलेनार नावाच्या डच माणसाने १९९१ साली बाहेर काढलेला. पैसे लागत नाहीत. फार आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढंच मागणं. माणूस भला, मीच कमी पडलो.

कारण त्यात थेट लिहिता येत नाही. आधी 'आय' दाबायचा, मग लिहायचं, थांबायचं तर एस्केप. माझी बोटं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची. 'आय'च्या बटणावर माझा 'ग' बसलेला. मी 'ग' देतोय, तो ढिम्म. बाहेर पडायला कोलन आणि क्यू, तर माझ्या हातून येणार 'छ' आणि औकाराची मात्रा! "एस्केप दाब, मामा," एवढंच पालुपद. संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून अंबरनाथला उतरणाऱ्याचे हाल मला त्या दिवशी कळले. विममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न २०१७पर्यंत प्रोग्रामर लोकांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटवर दहा लाखांहून जास्त वेळा उघडला गेला होता म्हणे. म्हणजे प्रोग्रामरही डब्यातच.

मग भाच्याने विमच्या जागी ईमॅक्स बसवलं. रिचर्ड स्टॉलमनचं, १९८५पासूनचं. याच्या पोटातच देवनागरी आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी सुरू, आणि तरीही हुकूम इंग्रजीतच कळतात. दोन सुनांच्या घरातल्या सासूसारखं. सेव्ह करायला मात्र कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस. महिन्याभरात करंगळीला शेक द्यायची वेळ आली.

पण एका गोष्टीवर मी भाळलो. तीनशेक बटणं दाबली, किंवा तीस सेकंद हात थांबले, की ते न विचारता लिहिलेलं बाजूला जपून ठेवतं. माझे हात तर अर्धा अर्धा तास थांबतात.

परवा पुन्हा लाईट गेली. दोन तासांनी आली, मशीन चालू केलं. फायलीच्या नावाला दोन्हीकडून हॅश लावून लेख जसाच्या तसा बसलेला. शीर्षक आणि साडेतीन ओळी.