शंभर ग्रॅमांचे पंत

काझीपेठहून बल्लारशाहकडे निघालेली गाडी गोदावरी ओलांडताच ज्या मंचेरियलास थांबते, त्या गावी भात आणि जोंधळ्याची भाकरी यांच्यात ताटाच्या मालकीचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू असल्यामुळे, तो निकाली काढणारा एखादा स्वयंनियुक्त मुन्सफ तेथे निपजणे अपरिहार्यच होते. आमचे पंत ते हेच. तहसील कचेरीत जमाबंदीची दप्तरे सांभाळता सांभाळता पेन्शनीत निघालेल्या या सद्गृहस्थांच्या हाती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 1971 सालचे अन्नघटकांचे तक्ते लागले आणि ज्या दृष्टीने ते पूर्वी शेतसारा तपाशीत, त्याच दृष्टीने शेजाऱ्यांची ताटे तपासू लागले. तेलुगू शेजारी पप्पू-भाताचा पहिला घास उचलतो न उचलतो तोच पंत गंभीर स्वरात फर्मावीत, "पांढरा तांदूळ : प्रथिने 6.8. जोंधळा : 10.4. बाजरी : 11.6. दर शंभर ग्रॅमी!" यजमानाचा घास हातातच राही.

पुढे मसाल्यांचे पान उघडले आणि अनर्थ ओढवला. जिऱ्यात प्रथिने 18.7, कॅल्शियम 1080 मिलिग्रॅम; मेथीदाण्यात प्रथिने तर 26.2! फोडणीत तडतडणाऱ्या या हुजऱ्यांची योग्यता धान्यांच्या मनसबदारांहून अधिक असल्याचा निवाडा पंतांनी माझ्यादेखत जाहीर केला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पंतांच्या पानात भाकरीऐवजी जिऱ्याने शिगोशीग भरलेली वाटी आली. "शंभर ग्रॅम आहे, तोलून घेतलंय. भावोजी, तुम्ही साक्षीला बसा." पंतांनी बाणेदारपणे एक मूठ तोंडात टाकली, तिसऱ्या चावण्याला डोळ्यांत पाणी, पाचव्याला ठसका.

"अहो, मी फोडणीला चिमूटभर घालते. तुमच्या तक्त्यात चिमटीचा रकाना आहे का?"

पंतांनी पाणी पिऊन कागद ओढला. चिमटीचे एक ग्रॅम धरले, तर प्रथिने जेमतेम 0.2; दोन भाकऱ्यांचे पीठ 120 ग्रॅम, प्रथिने साडेबारा. आयुष्यभर आकारणी आणि वसुली यांतील तफावत पाहिलेल्या त्या कारकुनाने तक्त्याच्या समासात तांबड्या शाईने शेरा मारला : 'जिरे : आकारणी भरपूर, वसुली नाममात्र.' मग मुकाट्याने भाकरी मागितली.

वहिनींना वाटले, व्याधी शमली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत सोनाराकडून गुंजांचा तराजू उसना घेऊन येताना दिसले.